प्रेशर किती?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट नावाचा एक प्रकार असतो. सातव्या सेमिस्टरला तो 'करू रे, आहे अजून वेळ' असतो आणि आठव्याला एकदम 'मेलो!' होतो. आमचंही तसंच झालं. आमचा प्रोजेक्ट म्हणजे स्वतःची उंची स्वतः सांभाळणारं एक छोटं विमान. टीम दोघांची, मी आणि माझा पार्टनर. (नाव लिहीत नाही. त्याला आवडणार नाही, आणि मला सोयीचं नाही. कारण पुढे येईलच.)

विमान म्हणजे अगदी हवाई दलाचं नव्हे हो! दीड मीटर पंखांचं, कोरुगेटेड प्लास्टिकचं, बर्डीवरून आणलेल्या चिकटपट्टीने जागोजाग गुंडाळलेलं. पण त्याच्या पोटात एक गंमत होती. नखाएवढा सेन्सर, हवेचा दाब मोजणारा. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य. जमिनीजवळ साधारण २८ फूट, म्हणजे साडेआठ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल कमी. मग काय, दाब मोजा, वजाबाकी करा, उंची हजर. खऱ्या विमानातलं अल्टीमीटर तरी दुसरं काय करतं? तेही बॅरोमीटरच. फक्त त्याच्या तबकडीवर दाबाऐवजी फूट लिहिलेले असतात.

मेख वजाबाकीत आहे. कशातून वजा करायचं? खाली जमिनीवर आत्ता दाब किती आहे, हे विमानाला आपोआप कळत नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं.

आमच्या प्रोजेक्टमध्ये ते 'कोणीतरी' म्हणजे मी.

कामाची वाटणी पार्टनरने केली होती. कोड त्याचा. बाकी सगळं, म्हणजे चिकटवणं, उचलणं, धावत जाऊन आणणं आणि जमिनीवर ठेवलेल्या डबीवरचा आकडा वाचणं, माझं. प्रत्येक उड्डाणाआधी तो लॅपटॉपमागून ओरडणार, "प्रेशर किती?" मी डबीकडे बघून आकडा सांगणार. तो टाइप करणार आणि मोठ्याने परत म्हणणार. मी 'बरोबर' म्हटल्याशिवाय विमान हातातून सोडायचं नाही. हा नियमही त्याचाच. पायलट लोक असंच करतात, असं तो कुठेतरी वाचून आला होता. मला तेव्हा हे थोडं नाटकीच वाटायचं. दोन माणसं दहा फुटांवर उभी, आणि एकमेकांना आकडे ओरडून सांगतायत!

एप्रिलचा दुसरा रविवार. शहरात विमानतळामुळे असलं काही उडवायची सोय नाही, म्हणून उमरेडच्या अलीकडे पार्टनरच्या काकांच्या शेतात गेलो. गहू निघून गेलेला, रान मोकळं. सकाळी साडेनऊला पहिलं उड्डाण. "प्रेशर किती?" "नऊशे बहात्तर पॉइंट एक." "नऊशे बहात्तर पॉइंट एक." "बरोबर." विमान सुटलं, वर गेलं, शंभर मीटरवर दोन चकरा मारल्या, मग ठरल्याप्रमाणे तीस मीटरवर उतरून तिथे सरळ झालं, आणि पार्टनरने रिमोटने हळूच खाली घेतलं. आम्ही अक्षरशः नाचलो. दहाच्या सुमारास दुसरं, साडेदहाला तिसरं. तिन्ही वेळा डबीवरचा आकडा जवळपास तोच. मग काकूंनी पाठवलेली भाकर, पाटोडी, ताक... आणि निंबाखाली झोप. विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी दुसरं काही करणं शक्यच नसतं.

चारच्या पुढे उठलो. डोकं जड, बूट तापलेले. एक शेवटचं उड्डाण व्हिडिओसाठी हवं होतं. पार्टनर लॅपटॉप उघडून बसला. मी विमान घेऊन रानाच्या मधोमध उभा. डबी निंबाखाली, माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर.

"प्रेशर किती बे?"

मी डबीकडे बघितलंसुद्धा नाही. "तेच," म्हणालो, "नऊशे बहात्तर."

तो 'हं' म्हणाला. मी विमान सोडलं.

वर गेलं, चकरा मारल्या, अगदी देखणं. मग तीस मीटरवर यायला निघालं आणि येतच राहिलं. आम्ही दोघंही बघत होतो, आता सरळ होईल, आता होईल. पार्टनरने रिमोटची काडी ओढली तेव्हा उशीर झाला होता. पूर्वेकडच्या धुऱ्यावर नाक आपटलं, एक पंख एका शेतात, दुसरा दुसऱ्याच्या. बॅटरी फुगली, सेन्सरची पट्टी मधोमध तुटली. काकांचा गडी धावत आला आणि आधी बैल बिचकले का ते बघून मग आमच्याकडे वळला.

सामान आवरताना मी निंबाखाली गेलो. डबी चालूच होती. ९६८.६.

साडेतीन हेक्टोपास्कल. गुणाकार मला उभ्या उभ्या करता आला. तीस मीटर. म्हणजे खालचा दाब उतरला होता आणि विमानाला मी सकाळचा, जास्तीचा आकडा दिला होता. जमिनीवर टेकलं तरी त्याच्या हिशेबाने ते अजून तीस मीटर वरच होतं. बिचारं शेवटपर्यंत बरोबरच उडत होतं.

मी डबीचं बटण बंद केलं आणि खिशात घातली.

परतताना बाईकवर पार्टनर एवढंच म्हणाला, "फिल्टरमध्ये काहीतरी राहून गेलं बे माह्याकडून." मी मागे बसलेलो. बोलायला हवं होतं. बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कोड नव्याने लिहायला घेतला. आठ रात्री हॉस्टेलच्या खोलीत बसून ओळन् ओळ तपासली. सापडणार काय? तिथे चूक नव्हतीच. शेवटी रिपोर्टमध्ये 'फेल्युअर अॅनॅलिसिस' या मथळ्याखाली त्याने स्वतःच लिहिलं: सॉफ्टवेअरमधील संभाव्य त्रुटी. सरांनी वाचलं, त्याच्याकडे बघितलं, आणि 'टेस्टिंग नीट करत जा' म्हणाले. मी शेजारी उभा होतो. इस्त्रीचा शर्ट घालून!

माझे एक मामा सोनेगावच्या हवामान केंद्रातून रिटायर झालेत. विमानतळाला लागूनच ते ऑफिस. लहानपणी मला वाटायचं मामा पाऊस पाडतात. त्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो ते खरं तर आंब्याच्या रसासाठी. पण विषय काढला. 'आमच्या एका ग्रुपचं' असं झालं, म्हटलं.

मामांनी कोडबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, "आकडा कितीचा होता?"

"नऊशे बहात्तर पॉइंट..."

"तसं नाही रे. किती वाजताचा?"

मी गप्प.

मग मामा सुरू झाले, आणि मामा सुरू झाले की मामी टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांचं म्हणणं असं की हवेच्या दाबाला रोज भरती-ओहोटी असते, समुद्रासारखी. सूर्य वरच्या हवेला, तिथल्या ओझोनला आणि बाष्पाला तापवतो, त्याची ही लाट. दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. रात्री पुन्हा तोच खेळ. युरोपात ती एवढी ठळक दिसत नाही, येणारी-जाणारी वादळंच तिला झाकून टाकतात. पण आपल्याकडे उन्हाळ्यात इतकी नेमाने येते की आलेख बघून घड्याळ लावावं. त्यात नागपूरचं ऊन. दुपारची उतरण आणखी खोल.

सकाळचे दहा आणि दुपारचे चार! म्हणजे मी दिवसातल्या सगळ्यात वरच्या आकड्यावर सगळ्यात खालच्या वेळी विमान सोडलं होतं. मुद्दाम ठरवून चूक करायची म्हटलं तरी इतकी बिनचूक जमली नसती.

"आमच्याकडे वेळ न लिहिलेला आकडा कोणी हातात घेत नसे," मामा म्हणाले. विमानतळाचा हवामान-अहवाल, ज्याला मेटार म्हणतात, तो नागपूरला दर अर्ध्या तासाने निघतो. त्यात वारा, दृश्यता, ढग, तापमान, आणि क्यू अक्षरापुढे चार आकडे. तो क्यूएनएच. पूर्वी काचेच्या उभ्या नळीतला पारा वाचायचा, मग तापमानाची दुरुस्ती, गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती. मग नागपूरची उंची हिशेबात घ्यायची. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर आहे, म्हणजे इथल्या दाबात साधारण ३६-३७ हेक्टोपास्कलची भर घातली की समुद्रसपाटीचा आकडा मिळतो. तो टॉवरमधून पायलटला सांगायचा. पायलट अल्टीमीटरच्या छोट्या खिडकीत खुंटी फिरवून तो लावतो. लावल्यावर सोनेगावच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा काटा १०३३ फूट दाखवतो. शून्य नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. व्हायवाला कोणी विचारलं असतं तर मी 'शून्य' असंच ठोकलं असतं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते पूर्णांकाचं. समजा आकडा आला १००४.९. आपण काय करू? १००५. पॉइंट फाइव्हच्या वर गेलं की वरचा आकडा, हे तर आपल्या हाडात मुरलेलं. पण क्यूएनएच नेहमी खालच्याच पूर्णांकाला आणतात. १००४.९ असला तरी १००४. का? कारण आकडा कमी लावला तर काटा खरीपेक्षा कमी उंची दाखवतो, म्हणजे प्रत्यक्षात विमान थोडं वरच असतं. चूक व्हायचीच असेल तर ती आकाशाच्या बाजूने व्हावी, जमिनीच्या बाजूने नको. चार वर्षं मी कॅल्क्युलेटरवर आकडे गोल करत आलो. ते कोणाच्या बाजूने गोल होतात असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, जीपीएस असताना हे कशाला? मीही विचारलं. मामांचं उत्तर असं की प्रश्न एका विमानाचा नाही. आकाशात सगळ्यांनी एकच फूटपट्टी वापरायला हवी, मग ती थोडी आखूड-लांब असली तरी चालेल. म्हणून ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळेच क्यूएनएच सोडून १०१३.२५ हा प्रमाण आकडा लावतात. दिल्लीहून बंगलोरला जाणारं विमान नागपूरवरून जातं तेव्हा त्याला आपल्या हवेचं काही पडलेलं नसतं. वरचं आणि खालचं, दोघांचाही काटा सारखाच चुकतो आणि मधलं हजार फुटांचं अंतर शाबूत राहतं. इथल्या हवेची चौकशी करतो तो इथे उतरणारा.

आणि नागपूरला उतरणं एके काळी केवढी मोठी गोष्ट होती! १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची. थैल्यांची अदलाबदल झाली की आपापल्या गावी परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला. मी कल्पना करत होतो, खाली सातपुड्याचं रान, एक दिवा नाही, आणि पायलटकडे जमिनीचा पुरावा म्हणून काय, तर एक तबकडी आणि सोनेगावहून कोणीतरी कळवलेला एक आकडा. क्यूएनएच ही तीन अक्षरंसुद्धा तारायंत्राच्या जमान्यातली. कुठल्या शब्दांचा तो शॉर्टफॉर्म नाही. ज्याने आकडा कळवला त्याचं तोंड पायलटने कधी पाहिलेलं नसेल. तरी त्यावर भरवसा ठेवून तो काळोखात खाली यायचा.

"मशीन आलं म्हणून सुटका नाही," मामा म्हणाले आणि मग ३० मे २०२४ चं प्रकरण काढलं. आठवतं ना? रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने तापमान दाखवलं ५६ अंश! सगळ्या मोबाईलवर नागपूर जगात पहिलं. दुसऱ्या काही केंद्रांवर ४४-४५ च्या आसपास होतं. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ती चूक पकडली गेली कारण शेजारी ताडून बघायला दुसरा आकडा होता. "आणि दुसरा आकडाच नसला तर?" मी विचारलं. मामा म्हणाले, "तर निदान तोच परत म्हणायचा. मोठ्याने."

घरी येऊन मी पॅरिसची हकीकत शोधून वाचली. मामांनी नुसतं नाव घेतलं होतं. २३ मे २०२२. स्टॉकहोमहून एक एअरबस ए-३२० पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरत होतं. पाऊस, ढग, धावपट्टीची रेडिओ-किरणांवर उतरवणारी यंत्रणा देखभालीसाठी बंद. त्यामुळे उतरणं सगळं अल्टीमीटरच्या भरवशावर. खरा क्यूएनएच होता १००१. कंट्रोलर म्हणाला १०११. पायलटनी १०११ असंच परत वाचून दाखवलं, म्हणजे नियम पाळला; पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकलं नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका विमानाने बरोबर आकडा परत म्हणून दाखवला, तरी कोणाच्या ध्यानात आलं नाही. फरक एका अंकाचा, दहा हेक्टोपास्कलचा. उंचीत २८० फूट. पायलट अंतर आणि उंची ताडून बघत होते आणि सगळं जुळत होतं. कारण विमानाचा संगणक आणि काटा दोन्ही त्याच एका चुकीच्या आकड्यावर चालले होते. ठरलेल्या उंचीला धावपट्टी दिसली नाही म्हणून त्यांनी विमान परत वर घेतलं. त्या वेळी धावपट्टी दीड किलोमीटरभर पुढे होती, आणि विमान जमिनीपासून फक्त सहा फुटांवर.

सहा फूट. म्हणजे मी आणि वर माझी बॅग. दुसऱ्या खेपेलाही आकडा तोच चुकीचा होता, पण या वेळी धावपट्टीचे दिवे दिसले, उंची सुधारली आणि विमान सुखरूप उतरलं.

ते वाचल्यावर मला झोप लागली नाही. पॅरिसच्या कंट्रोलरची जीभ घसरली. ते कोणाचंही होऊ शकतं. माझी घसरली नव्हती. मी 'तेच' म्हणालो होतो. तो आकडा नव्हताच, आळस होता. आणि त्यानंतर डबी खिशात घातली, ते तर आळसानेही नाही.

व्हायवाच्या चार दिवस आधी पार्टनरला चहाच्या टपरीवर गाठलं आणि सांगितलं. सगळं. ९६८.६ सकट. तो बराच वेळ बशीत बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "आठ रात्री बे... आठ."

"हो."

"तू मागच्या सीटवर होता. तवाच सांगायचं ना. मी काय गाडीवरून ढकललं असतं का तुले?"

मी काही बोललो नाही. त्याने चहाचे पैसे फक्त त्याचे दिले. (हे आमच्यात याआधी कधीच झालं नव्हतं.) दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या घरी आला, रिपोर्टच्या तिन्ही प्रती बगलेत मारून. बसलाही नाही. "मी पण परत म्हटलं नव्हतं," म्हणाला. "'हं' म्हटलं फक्त. नियम माहा, आणि मीच... चल, ते पान बदलू."

आम्ही 'सॉफ्टवेअरमधील संभाव्य त्रुटी' वर कागद चिकटवला आणि खाली नवीन लिहिलं: कारण – जमिनीवरील दाबाचा सहा तास जुना आकडा. सांगणारा: मी. परत न म्हणणारा: तो. दोघांची नावं, रोल नंबरसकट. वर डबीचं रीडिंग आणि वेळही टाकली.

सरांनी व्हायवाच्या सकाळी ते पान वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी लाल पेन उघडलं, दोन्ही नावांवर काट मारली आणि समासात लिहिलं: नावे नकोत. पॅसिव्ह व्हॉइस वापरा.

रिपोर्ट लायब्ररीत आहे. त्या पानावर आता एवढंच आहे की जुना आकडा वापरला गेला.